रत्नागिरीतील 30 गुंठ्यांचे घरासाठी दोन भाग करता येतील का?

सातबाऱ्यावर जिरायत नोंद असलेल्या 30 गुंठ्यांचे दोघा भावांत पंधरा-पंधरा गुंठ्यांचे भाग पाडता येणार नाहीत. मात्र हीच जमीन प्रादेशिक योजनेत (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरविणाऱ्या शासकीय आराखड्यात) रहिवास विभागात येत असल्यास मार्ग मोकळा आहे. तुकडेबंदी कायदा, 1947 अन्वये 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने रत्नागिरी जिल्ह्यात जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत (किमान) क्षेत्र ठरविले असून, त्याहून लहान तुकडा खरेदीखताने काय किंवा वाटपाने काय, निर्माण करता येत नाही. म्हणजे नोंद बागायत असती, तर हेच वाटप नियमात बसले असते. कलम 8-ब नुसार नगरपरिषद हद्दीतील, तसेच प्रादेशिक किंवा विकास योजनेत रहिवासासाठी दर्शविलेल्या जमिनीला हे बंधन नाही. तेथे रेखांकनाला (भाग पाडण्याच्या नकाशाला) सक्षम प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि पोहोचरस्ता मोजणीआधीच ठरवून घ्यावा. नुसत्या नोटरी केलेल्या वाटपपत्रावर विसंबू नये. जमीन कोणत्या विभागात येते हे कळण्यासाठी प्रथम नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा. जमीन किनाऱ्यालगत वा खाडीलगत असल्यास भाग पाडता आले तरी सीआरझेडमुळे (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे) बांधकामास परवानगी मिळेलच असे नाही.