वाचकांचे प्रश्न : धनुर्विद्येच्या सरावासाठी टिकाऊ लक्ष्य

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी वर्षभरापासून धनुर्विद्या शिकत आहे. तिचे धनुष्य २४ पाउंड ताणाचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) असून घरामागच्या मोकळ्या जागेत ती १० ते १८ मीटरवरून सराव करते. विकत आणलेले फोमचे लक्ष्य चार महिन्यांत मध्यभागी भोक पडून निकामी झाले. पुन्हा तसेच घ्यावे, की घरी बांधावे? बाण आरपार जाऊ नयेत म्हणून मागे जाड लाकडी फळी लावली तर चालेल का?
– एक पालक, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : फळीचा विचार प्रथम सोडून द्यावा. फळीवर आदळलेल्या बाणाचे टोक वाकते, दांडा चिरतो, आणि काही वेळा बाण उलटून बाण सोडणाऱ्याकडेच येतो. चांगल्या लक्ष्यात बाण थरांच्या मधून शिरतो आणि दोन्ही बाजूंनी दाबलेले थर त्याच्या दांड्याला घासून त्याचा वेग हळूहळू संपवतात. म्हणजे बाण थांबतो तो घर्षणाने, आणि हे एकदा ध्यानात घेतले की टिकाऊपणा कशात आहे तेही उमगते. थर पुन्हा पुन्हा आवळता आले पाहिजेत आणि झिजलेला भाग बदलता आला पाहिजे. आपले विकतचे लक्ष्य चिकटवून एकसंध केलेले असणार. त्याचा नव्वद टक्के फोम अजून धडधाकट असतानाही केवळ मधला वीतभर भाग गेला म्हणून ते टाकावे लागले, ही त्या रचनेतील खरी उणीव आहे.

म्हणून माझे मत घरी बांधण्याच्या बाजूने आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या किंवा फोमच्या शीटच्या ९० सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद पट्ट्या कापून त्या एकावर एक आडव्या रचाव्यात, म्हणजे पट्ट्यांच्या कडा बाण सोडणाऱ्याकडे येतील आणि बाणाला २५ सेंमी खोली मिळेल. ढिगाच्या खाली व वर एकेक जाड फळी ठेवून, दोन्ही टोकांना, ढिगाच्या बाहेरच्या बाजूने, १२ मिमी जाडीचे आट्यांचे प्रत्येकी दोन रॉड घालावेत आणि मोठे वॉशर लावून नटांनी आवळावे. असे रॉड शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये मापाने कापून मिळू शकतात. समोर दिसणाऱ्या रॉडवर जुन्या टायरची पट्टी किंवा लाकडी चौपट्टी जरूर बसवावी, कारण चुकलेला बाण लोखंडावर आदळला तर तो बाण गेलाच म्हणून समजावे.

किती आवळावे, याचे उत्तर बाणच देतो. बाण १० ते १५ सेंमी आत जाऊन स्थिर राहिला आणि बेताच्या जोराने ओढून निघाला, तर दाब योग्य आहे. तो पडला किंवा उसळला तर नट सैल करावेत, आरपार डोकावू लागला तर आवळावेत. पुठ्ठा सुरुवातीच्या आठवड्यांत बराच बसतो, त्यामुळे वरून भर घालण्यासाठी दहा-पंधरा पट्ट्या जादा कापून ठेवाव्यात. मधल्या पट्ट्या झिजल्या की नट सोडून त्या तळाशी किंवा माथ्यावर न्याव्यात आणि तेथील कोऱ्या पट्ट्या मध्यभागी आणाव्यात. हा खांदेपालट वेळेवर झाला, तर एकच चौकट वर्षानुवर्षे चालते.

पुठ्ठा की फोम, हा निर्णय कोल्हापुरात पावसाकडे पाहूनच करावा लागतो. पुठ्ठा बाण उत्तम धरतो आणि जवळजवळ फुकट मिळतो, पण जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर राहिला तर त्याचा लगदा होतो. फोमला पाण्याचे भय नाही, मात्र सतत उन्हात राहिल्यास तोही ठिसूळ होतो. पादत्राणांच्या तळव्यांसाठी वापरतात तशा घट्ट ईव्हीए फोमच्या शीट घ्याव्यात, गादीचा मऊ स्पंज घेऊ नये. एखाद्या तालमीतून बाद झालेली कुस्तीची मॅट मिळाली, तर तिचा घट्ट फोमही कापून वापरता येतो. माझी शिफारस मिश्र रचनेची आहे : मधले ४० सेंमी फोमचे आणि वरखाली पुठ्ठा. बहुतेक बाण मध्यभागी लागत असल्याने खर्च जेथे उपयोगी पडतो तेथेच होतो. त्यावर पत्र्याचे छोटे छप्पर करावे. ताडपत्री चहूबाजूंनी गच्च बांधल्यास आत दमटपणा कोंडून बुरशी येते, म्हणून मागची बाजू मोकळी ठेवावी.

भोक लवकर पडण्याचे आणखी एक कारण सरावाच्या पद्धतीत असते. एकाच वर्तुळावर रोज शंभर बाण मारण्याऐवजी लक्ष्यावर तीन-चार लहान कागद वेगवेगळ्या जागी लावावेत. मोठ्या मैदानी स्पर्धांतील ७० मीटरवरील १२२ सेंमी व्यासाचे वर्तुळ डोळ्याला जेवढे दिसते, तेवढेच १८ मीटरवर सुमारे ३१ सेंमीचे आणि १० मीटरवर सुमारे १७ सेंमीचे वर्तुळ दिसते. त्या मापाचे कागद लावले तर लक्ष्य सर्वत्र सारखे झिजते आणि मुलीच्या नजरेला मोठ्या मैदानाची सवयही लागते. वर्तुळाचा मध्य जमिनीपासून १३० सेंमी उंचीवर येणे हे मैदानी स्पर्धेचे माप आहे. जागा कमी असल्याने कागद विखुरले तरी एक कागद त्या उंचीवर असावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. २४ पाउंडाच्या धनुष्याचा बाणही लक्ष्य चुकला तर शंभर मीटरच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि कळंब्यात आता घरे दाटीने झाली आहेत. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा. तो शक्य नसेल तर भिंतीच्या अलीकडे जाड जुने गालिचे सैल टांगावेत. ताणून बांधलेले कापड बाण अडवत नाही, सैल कापड त्याच्यासोबत मागे जाऊन त्याचा जोर खाते. एवढी व्यवस्था होत नसेल, तर घरी सराव करू नये.

प्रश्न : आमच्या शाळेत इंडियन राउंडची (बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर खेळायच्या भारतीय प्रकाराची) पाच धनुष्ये आहेत. निधी नाही, पण भाताचे पिंजर आणि उसाचे पाचट भरपूर आहे. त्यातून लक्ष्ये करता येतील का?
– क्रीडाशिक्षक, भुदरगड तालुका

उत्तर : पिंजरातून अवश्य करता येतील, पाचटाच्या नादी लागू नये. पाचट वाळले की त्याचा चुरा होतो. पिंजर लांब आणि चिवट असते. ते मनगटाएवढे जाड पिळून त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी आणि या वेटोळ्यांची चकती करत प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाभणाने शिवत जावे. शिवण जितकी आवळून, तितके लक्ष्य टिकाऊ. घाईत केलेले वेटोळे महिन्याभरात उलगडते. बारा-पंधरा सेंमी जाडी हवी. गावात पूर्वी कणग्या विणणारी वृद्ध माणसे असतील, तर त्यांना शाळेत बोलवावे. हा आवळण्याचा हात त्यांच्याकडे असतो. लक्ष्य विटांवर किंवा कळकाच्या तिकाटीवर जमिनीपासून उचलून ठेवावे, कारण खाली वाळवी लागते आणि लोंब्यांत राहिलेल्या दाण्यांसाठी उंदीर येतात. पावसाळ्यात ते वर्गाच्या आढ्याला टांगावे. ३० आणि ५० मीटरच्या सरावासाठी तिकाटी मागे १० ते १५ अंश कललेली असावी.

गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या भरणे हा दुसरा मार्ग आहे आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांमुळे आपल्या भागात चिंध्यांची वाण नाही. बटणे, चेन आणि हूक काढूनच भराव्यात. वाळू, माती किंवा भुसा कधीही भरू नये.

प्रश्न : मुलगा ५० पाउंडाचे कंपाउंड (टोकांना चाके असलेले धनुष्य) वापरतो. फोममध्ये बाण इतके रुततात की दोघांना ओढावे लागते. फोम खराब आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला, त्यामुळे हा प्रश्न आता वारंवार येऊ लागला आहे. फोम बहुधा चांगलाच असावा. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला ८० ते ९० मीटर वेगाने जातो, नवशिक्याच्या रिकर्व्हच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वजनाच्या बाणाची ऊर्जा चौपट होते. ती घर्षणात उष्णता होऊन बाहेर पडते, फोम क्षणभर वितळतो आणि निवताना दांड्याला चिकटतो. नट थोडे सैल करून खोली ३० सेंमीपर्यंत वाढवावी आणि दांड्याच्या पुढच्या भागाला साबणाची वडी कोरडीच घासावी. ओढताना एक हात लक्ष्यावर टेकवून दुसऱ्याने दांडा लक्ष्याच्या अगदी जवळ धरावा आणि सरळ रेषेत ओढावे. मागे कोणी उभे नसल्याची खात्री आधी करावी. पिसांना धरून ओढू नये. कार्बनचा बाण निघाल्यावर किंचित वाकवून कान देऊन ऐकावा, आणि कडकड आवाज आला तर तो बाण पुन्हा कधीही धनुष्याला लावू नये.