बेळगावात शहापूरच्या जुन्या घरी आई-बाबांसाठी टेलिप्रेझेन्स रोबोट (दुरून चालवायचा, कॅमेरा-स्क्रीन असलेला चाकांचा रोबोट) ठेवून तो पुण्यातून चालवायचा आहे. हॅकिंगची भीती कितपत खरी? काय काळजी घ्यावी?

भीती खरी आहे, पण शहापुरातल्या जुन्या घरात आई-बाबांसाठी ठेवणार म्हणता, तर मी आधी उंबरठे बघेन. आपल्याकडे सोपा, माजघर, स्वयंपाकघर, प्रत्येक दारात उंबरठा आणि मध्येच एखादी पायरी. दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबोट तिथे अडकतो किंवा सरळ आडवा होतो. पायरीची कड ओळखणारे सेन्सर सगळ्याच मॉडेलांत नसतात. त्यामुळे एका पातळीवरच्या खोल्यांपुरताच फिरवा आणि पायरीपाशी फळी आडवी लावा.

वेग कमीत कमी ठेवा. रोबोट सेकंदाला अर्धा मीटर चालतोय आणि चित्र अर्धा सेकंद उशिरा पोचतंय, तर तो तुम्हाला दिसतो त्याच्या पाव मीटर पुढे असतो. तेवढ्यात आईच्या पायावर चढेल.

आता लाईट. पावसाळ्यात ती कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही. राउटर बंद पडतो, रोबोट मात्र बॅटरीवर चालूच. अशा वेळी तो जागच्या जागी थांबला पाहिजे. घेण्याआधी दुकानदारासमोरच, रोबोट चालता असताना वायफाय बंद करून बघा. नाही थांबला तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घरी राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

हॅकिंगचं म्हणाल, तर २०१७ मध्ये रॅपिड-सेव्हन या सुरक्षा कंपनीने डबल रोबोटिक्स या कंपनीच्या टेलिप्रेझेन्स रोबोटमधल्या त्रुटी जाहीर केल्या होत्या. पिन माहीत नसतानाही ब्लूटूथने त्याच्या चाकांच्या भागाशी जोडणी करता येत होती. शिवाय रोबोट खात्याला जोडताना तयार झालेली डिजिटल किल्ली नंतर कधी बदलतच नव्हती. म्हणून अपडेट टाळू नका आणि ज्या कंपनीने अपडेट देणं बंद केलंय तिचा रोबोट नको.

तरी घरगुती वापरात मला जास्त धास्ती वाटते ती फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या पासवर्डची. ताई, भाऊजी, भाचा, ज्याला चालवायचंय त्याला स्वतंत्र खातं द्या, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही लागेल अशी सोय) सुरू करा. रोबोटला राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर ठेवा. "बाहेरून दिसायला हवा" म्हणून कोणी राउटरमधला पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडून देत असेल तर नको म्हणा, कंपनीच्या सर्व्हरमार्फतच जोडा.

कॉल आपोआप उचलण्याची सोय बंद ठेवा. आईने बटण दाबलं तरच कॅमेरा सुरू व्हावा. पडल्या-धडपडल्यासाठी ती सोय हवीच असेल, तर ते आई-बाबांनी ठरवू दे, तुम्ही नाही. बंद करायचं बटण त्यांना दाखवून, दोन-तीनदा त्यांच्याच हातून दाबून घ्या. चार्जिंगला लावताना कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा की यातून कोणी बघत असू शकतं.

जुना, वापरलेला घेत असाल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून तो काढून टाकलाय ना, हे पैसे देण्याआधी बघा. फॅक्टरी रीसेट केला म्हणजे ते काम झालंच असं नसतं.