शरीराने कधीच न पाहिलेला विषाणू पांढऱ्या पेशी ओळखतात कशा?

जंतू बघून मग त्याला जुळणारी पेशी बनवायची, असं शरीर करत नाही. पेशी आधीच तयार असतात. अस्थिमज्जेत बी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घडत असताना तिच्या ग्राहकाच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूच्या, जनुकांचे तुकडे कापून नव्या जुळणीने जोडले जातात, त्यामुळे जवळपास प्रत्येक पेशीचा ग्राहक निराळा. हे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावांनी दाखवलं; १९८७ चं नोबेल त्याबद्दलच.

अशा अंदाधुंद जुळणीत स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशीही निघणारच. म्हणून टी-पेशींची (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, यांचे ग्राहकही असेच जुळतात) छाननी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. फार कडक प्रकरण आहे हे: निकामी किंवा घातक ठरलेल्या, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच मरतात.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? जखमेतल्या जंतूंचे तुकडे तिथल्या लसीका ग्रंथीत पोचतात, जुळणारी एखादी पेशी सापडते आणि ती भराभर विभागू लागते. गाठ सुजते त्याचं हे एक मोठं कारण. पुरेशी फौज उभी राहायला काही दिवस जातात. तोवर किल्ला लढवतात त्या न्यूट्रोफिलसारख्या, कुठल्याही जंतूवर लगेच तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेतं.

जंतू संपल्यावर यातल्या थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात, म्हणून कांजिण्या सहसा पुन्हा होत नाहीत. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो, आणि उतारवयात टी-पेशींचा पहारा सैलावला की नागीण होऊन बाहेर येतो.