बेळगावात आयुर्वेदिक मसाज पहिल्यांदाच घेणार आहे. कपडे पूर्ण काढावे लागतात का? दुखतं का?

नाही, पूर्ण काढावे लागत नाहीत. अंतर्वस्त्र किंवा केंद्राने दिलेला लंगोट अंगावर राहतो, आणि नीट केलेला मसाज सोसवेल इतकाच दाबाचा असतो. शहापूरच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी आधी डॉक्टर तपासतात. तिथे बीपी, साखर, जुनं ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं सांगा, लपवू नका. बायकांना बाई आणि पुरुषांना पुरुषच सहसा मसाज करतो. तरी नाव नोंदवतानाच विचारून घ्या. जेवण दोन तास आधी उरकायचं. कोमट तेल लावून साधारण ४५ मिनिटं अंग चोळतात, मग १०-१५ मिनिटं वाफ. भरल्या पोटी गेलात तर मळमळतं, आणि वाफेनंतर झटकन उठलात तर चक्कर येते, कारण रक्तदाब उतरलेला असतो. आधी कडेला बसा, मग उभे राहा. तेलकट फरशीवर पाय घसरतो तो याच वेळी. आखडलेल्या स्नायूच्या टणक गाठीवर थोडं दुखणं ठीक, पण श्वास रोखावा लागला किंवा मुंग्या आल्या तर तिथल्या तिथे "हळू" म्हणा, संकोच करू नका. दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकतं, तेही चालतं. जुने कपडे न्या, तेलाचे डाग सहज निघत नाहीत. मात्र ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर किंवा एकाच पोटरीला सूज असेल तर मसाज नकोच. त्या सुजेत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.