बियाणं बीटीचं, मग बोंडात अळी कशी?

प्रश्न : पारोळा तालुक्यात आमची कोरडवाहू कपाशी आहे. बियाणं बीटी-2 चं घेतलं, अळी लागणार नाही असं दुकानात सांगितलं होतं. दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. बियाणं बोगस होतं का?

उत्तर : दादा, बियाणं बोगसच असेल असं नाही, अळी बदलली आहे. 2002 मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा तिच्यात अळीला मारणारं एकच प्रथिन होतं, 2006 मध्ये दुसरं जोडलं. गुलाबी अळी आधी पहिल्याला आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही पचवू लागली. 2017 ला गुलाबी अळीने कपाशी खाल्ली, ते आपण सगळ्यांनी भोगलं.

यात आपलीही चूक आहे. बियाण्याबरोबर बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं छोटं पाकीट मिळायचं, ते किती जणांनी पेरलं? बहुतेकांच्या घरी ते कोपऱ्यात पडून राहिलं. त्या बिगर-बीटी झाडांवर साधी अळी जगते. तिचे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी बीटीवर बरीचशी मरते. ती साखळी आपण तोडली. त्यात आपली कपाशी संकरित, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरक्यांत बीटी उतरतं, काहींत नाही. गुलाबी अळी खाते ती सरकीच. थोडं थोडं विष चाखूनही ज्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिढी वाढत गेली.

आता इलाज आपल्या हातात आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले तरच फवारा. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली मिटलेली फुलं, दिसतील तशा तोडून नष्ट करा. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी ठेवून पुन्हा घेतलेलं पीक, घेऊ नका. पाणी आहे म्हणून फेब्रुवारीपर्यंत ठेवलेली कपाशी सगळ्या शिवाराची अळी पोसते. डिसेंबरअखेर रान मोकळं करा, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग बांधावर ठेवू नका.

प्रश्न : यावलला आमची केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली बाग, आहे. पानांवर पिवळे पट्टे, काही झाडांचा पोगा (मधलं न उलगडलेलं कोवळं पान) सडला. हरण्या रोग आहे म्हणतात. कोणतं औषध मारू?

उत्तर : ताई, ही लक्षणं हरण्याचीच वाटतात, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. विषाणू मारणारं औषध नाही, आणि तसं सांगून कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नका. हा रोग मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, पसरवतो. मावा रोगट झाडाला काही सेकंद सोंड लावतो आणि शेजारच्या झाडाला टोचतो. फवारा त्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी रोगट झाडावर मावा मारण्याची फवारणी करा, मग झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन गाडा. उलट केलंत तर हललेला मावा निरोगी झाडांवर जाऊन बसेल. बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची घेऊ नका, तण वाढू देऊ नका. रोगट झाडाचा कंद लागवडीला अजिबात नको. टिश्यूकल्चरची रोपं घेताना विषाणू तपासणीचा दाखला मागा.

प्रश्न : शहाद्याला पपई करतो. मोझॅक (पानं पिवळी-हिरवी करणारा विषाणूरोग) न येणारी जात सांगा.

उत्तर : हवाईत 1998 पासून 'रेनबो' नावाची जनुकीय पपई आहे. पपईच्या रिंगस्पॉट या विषाणूच्याच आवरणाचं जनुक तिच्यात घातलंय, म्हणून ती त्या रोगाला टिकते. आपल्याकडे तिच्या लागवडीला परवानगी नाही. म्हणून रोपं कीडरोधक जाळीत वाढवा, बागेभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी घ्या आणि पहिलं रोगट झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा. फळं धरलीत म्हणून हात आखडतो, हे मी समजतो, पण तेच झाड बाग घालवतं.

प्रश्न : चोपड्याला मे महिन्याच्या वाऱ्यात केळीची पानं फाटतात, करपतात. उन्हाला टिकणारी जात आहे का?

उत्तर : जात शोधण्याआधी वारा अडवणारं कुंपण पाहा. 45 अंशाच्या आसपास गरम वारा जमिनीपेक्षा पानांतलं पाणी आधी ओढतो. ठिबक पहाटे किंवा रात्री चालवा, बुंध्याशी वाळलेल्या पानांचं आच्छादन ठेवा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावा, पण लागवडीबरोबर, जूनमध्येच. मेपर्यंत ते डोक्याएवढं व्हायला हवं.