व्रण घेऊन मिस्साला कशी जाऊ?

ताई, मी वसईची, वय ४६. कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढावा लागला. आता रिपोर्ट चांगले आहेत. पण आरशात बघवत नाही, कपडे बदलताना नवऱ्याला खोलीबाहेर काढते. गेल्या १५ ऑगस्टला, चर्चमध्ये मरियेच्या सणाच्या मिस्साला, फादर प्रवचनात म्हणाले, येशूची आई पवित्र मरिया हिचा देह कुजला नाही, तो स्वर्गात घेतला गेला. घरी येऊन रडले. तिचं शरीर असं, आणि माझं हे कापलेलं. देवापुढे अशीच उभी राहणार का मी? यंदा त्या मिस्साला जावंसंच वाटत नाही. नवरा म्हणतो, जीव वाचला ना, मग?

बाई गं, नवऱ्याचं चुकत नाही, पण त्याचं बोलणं अर्धवट आहे. जीव वाचल्याचा आनंद असला तरी गेलेल्या अवयवाचं दुःख होतंच. त्यासाठी रडलीस म्हणून तू देवाचे उपकार विसरलीस असं नाही.

आता मरियेचं. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तिचं स्वर्गउन्नयन श्रद्धासिद्धान्त म्हणून जाहीर केलं. त्यात इतकंच आहे की पृथ्वीवरचं आयुष्य पूर्ण झाल्यावर तिला देहासह, आत्म्यासह स्वर्गीय वैभवात घेतलं गेलं. तिला मरण आलं की नाही, हासुद्धा प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला. तो देह तरुण होता, देखणा होता, त्यावर ओरखडा नव्हता, असं त्यात कुठेही नाही. ते आपल्या डोक्यात भरवलं प्लास्टरच्या पुतळ्यांनी! निळी शाल, गुळगुळीत गाल आणि वय कायम अठरा. आणि ‘निष्कलंक’ म्हणून ८ डिसेंबरचा जो सण आपण पाळतो, तो पापाविषयी आहे, कातडीविषयी नाही.

खरी मरिया नाझरेथच्या सुताराची बायको. दिवस गेलेले असताना डोंगराळ मुलखातल्या एलिझाबेथकडे गेली, परगावी बाळंत झाली, बाळाला गव्हाणीत निजवलं, उतारवयात पोटच्या मुलाच्या क्रुसाखाली उभी राहिली. स्वर्गात घेतला गेला तो हा वापरलेला, थकलेला देह. सिद्धान्त जाहीर झाला तेव्हा महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. छळछावण्यांत माणसांची शरीरं भट्टीत घातली गेली होती. आपला देह आणि आत्मा किती थोर गोष्टीसाठी आहेत ते सगळ्यांना स्पष्ट दिसावं, असं पोपनी सिद्धान्त जाहीर करणाऱ्या त्या पत्रात लिहिलं, ते अशा काळात.

‘अशीच उभी राहणार का?’ हा तुझा प्रश्न जुना आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीननी त्यावर विचार केलाय. हुतात्म्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण जखमांच्या खुणा कदाचित राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नव्हे तर मान म्हणून दिसतील, असं त्यांचं मत. मरणातून उठलेल्या येशूने आपला शिष्य थोमाला काय दाखवलं? हातांवरचे आणि कुशीतले व्रणच ना! सिसिलीतल्या कतानियाची संत आगाथा तर तुझ्या फार जवळची. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले, अशी परंपरा सांगते. स्तनांचा आजार झालेल्या बायका आजही तिचा धावा करतात. तिचा सण ५ फेब्रुवारीला.

लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतली एक बाई येशूला ओरडून म्हणते, धन्य ते उदर आणि धन्य ते स्तन ज्यांनी तुला पाजलं. तो म्हणतो, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. आईच्या शरीराला त्याने कमी लेखलं नाही, पण तिची थोरवी एखाद्या अवयवावर टांगूनही ठेवली नाही. मला वाटतं, तुझ्यासाठी प्रवचनात सांगायला हवी होती ती हीच ओळ.

बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे मरियेच्याच, जत्रेत कधी गेली असशीलच. टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, बाळं मांडलेली असतात. ज्याचं जे दुखतं ते तो तिच्या पायाशी नेऊन ठेवतो. तिथे धडधाकट शरीरांचीच वर्दळ असती तर त्या टपऱ्या कधीच बंद पडल्या असत्या.

फादरांना भेट आणि आजाऱ्यांच्या अभ्यंगाविषयी विचार. तो मरणाऱ्यांसाठीच असतो ही समजूत जुनी झाली. कपाळावर आणि तळहातांवर तेल लावतात. आपल्या शरीराला कुणी आदराने हात लावतंय, हे तुला सध्या हवं आहे. नवऱ्याला एकदम सगळं दाखवायची सक्ती स्वतःवर करू नकोस. आधी त्याला एवढंच सांग की ‘मला भीती वाटते, तू तोंड फिरवशील.’ तो काय म्हणतो ते ऐकून घे.

ऑपरेशन झालेल्यांसाठी खास ब्रा आणि आतलं पॅड मिळतं, हॉस्पिटलात विचार. डाव्या हाताला सूज किंवा जडपणा असेल तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. आणि त्या दिवशी मिस्साला जायचं झालं तर मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल.