युरोपच्या इतिहासाच्या २० मिनिटांच्या वर्गपरीक्षेची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात १५०० ते १८१५ या काळातला युरोपचा इतिहास आहे, दर पंधरवड्याला वर्गातच २० मिनिटांची परीक्षा होते, ६ पैकी ४ नावांवर (व्यक्ती, घटना, तह वगैरे) प्रत्येकी चार-पाच वाक्यं लिहायची असतात, आणि धडे दोनदा वाचूनही गुण १० पैकी ५-६ वरच अडकतात.

वाचन तुमचं पुरेसं आहे. गुण अडतात ते बहुधा उत्तराच्या शेवटच्या दोन वाक्यांवर. ‘थोडक्यात टिपा लिहा’ या प्रश्नाची आपली सवय अशी, की आठवतील तेवढे मुद्दे ओळीने मांडायचे. या परीक्षेत कोण, काय, कुठे, कधी एवढं पहिल्या दोन वाक्यांत उरकावं लागतं. उरलेली वाक्यं एकाच प्रश्नाला द्यायची: हे घडण्याआधी काय होतं आणि नंतर काय बदललं?

फ्रान्सच्या राजाने काढलेला नान्तचा हुकूमनामा घ्या. ‘राजा चौथा हेन्री याने १५९८ मध्ये सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिले, ही घटना फार महत्त्वाची ठरली’ या वाक्यात साल बरोबर, राजा बरोबर, आणि तरीही निम्मे गुण जातात. एक तर ‘सर्वांना’ चूक आहे. फ्रान्समधल्या ह्युगनॉट, म्हणजे कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांना ठरावीक ठिकाणीच उघड उपासनेची मुभा मिळाली, सरकारी पदं खुली झाली आणि संरक्षणासाठी ला रोशेलसारखी तटबंदीची गावं त्यांच्या हाती राहिली. राज्याचा धर्म कॅथलिकच होता. दुसरं, ‘फार महत्त्वाची’ म्हटल्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: १५६२ पासून चाललेली धर्मयुद्धं या हुकूमनाम्याने थांबवली, एका राज्यात दोन पंथ राहू शकतात हे राजाने कायद्याने मान्य केलं, पण तटबंदीची गावं म्हणजे राज्यातच दुसरी लष्करी सत्ता, म्हणून १६२९ मध्ये राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने ती काढून घेतली, आणि १६८५ मध्ये चौदाव्या लुईने हुकूमनामाच रद्द केला. हे उत्तर साडेचार मिनिटांत हाताने लिहून होतं.

पूर्ण वेळेचा हिशेबही तसाच: १ मिनिट नावं निवडायला, प्रत्येकी साडेचार मिनिटं, शेवटचं मिनिट सालं तपासायला. पहिल्या आवडत्या नावावर ८ मिनिटं घालवली की चौथं उत्तर दोन ओळींत संपतं. नुकसान बहुतेकदा इथेच होतं. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरवर लिहिताना त्याचं बालपण आणि विजेच्या कडकडाटात घेतलेला नवस यांतच जागा संपते. १५१७ चे ९५ सिद्धान्त पापक्षमापत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीविरुद्ध होते हे राहूनच जातं.

आता पंधरवड्याचं काम. प्रत्येक तासानंतर त्याच दिवशी ४-५ नावं काढा: प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिलेली, आणि पाठ्यपुस्तक व व्याख्यान दोन्हींत आलेली आधी. एका कार्डावर एक नाव. मागे साल, जागा, व्यक्ती आणि ‘आधी–नंतर’ची दोन वाक्यं, तीही स्वतःच्या शब्दांत. पुन्हा-पुन्हा वाचू नका, त्याने फक्त ओळखीचं वाटतं. कार्डाची पुढची बाजू बघून मागचं कोऱ्या कागदावर लिहा, मग ताडून पाहा. तीन दिवसांनी पुन्हा, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी घड्याळ लावून ४ नावं सलग.

सगळी सालं पाठ करायची गरज नाही. १५१७, १५५५, १५९८, १६४८, १६८८ (इंग्लंडमधली राज्यक्रांती), १७८९ (फ्रेंच राज्यक्रांती), १८१५ (नेपोलियनचा शेवटचा पराभव) हे खुंटे पक्के करा; बाकीच्या घटना कोणत्या दोन खुंट्यांमध्ये येतात ते कळलं तरी चालतं. कार्डं पिसून, साल न बघता क्रमाने मांडून पाहा. क्रम चुकला की कारणही चुकतं: १७९३ मध्ये फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद झाला त्याआधीच, एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. हे डोक्यात नसेल तर क्रांतिकारी सरकारने पुढे माजवलेली दहशत समजत नाही.

गोंधळाच्या जोड्या शेजारी-शेजारी अभ्यासा. ऑग्सबुर्गच्या तहाने (१५५५) जर्मन संस्थानाचा धर्म ठरवायचा हक्क तिथल्या राजाला मिळाला, तोही कॅथलिक आणि ल्यूथरपंथ यांतूनच. कॅल्व्हिनपंथाला पवित्र रोमन साम्राज्यात (या जर्मन संस्थानांच्या साम्राज्यात) मान्यता आली ती १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने. बास्तीयबाबतही गोंधळ होतो: पॅरिसमधला हा तुरुंग-किल्ला लोकांनी १४ जुलै १७८९ ला घेतला तेव्हा आत फक्त ७ कैदी होते. लोकांना हवी होती तिथली दारू, म्हणजे बंदुकीची. महत्त्व यात, की त्या उठावामुळे राजाला पॅरिसभोवतीचं सैन्य मागे घ्यावं लागलं आणि लोकप्रतिनिधींची राष्ट्रीय सभा वाचली.

मराठीतून वाचत असाल तर आणखी एक सापळा आहे. ‘प्रबोधन’ हा शब्द कुठे रेनेसाँससाठी (प्राचीन ग्रीक-रोमन विद्या-कलांचं पुनरुज्जीवन), कुठे एनलायटनमेंटसाठी (तर्काला प्रमाण मानणारी वैचारिक चळवळ) वापरलेला दिसतो. एकाचा उगम चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटलीत, दुसरं अठराव्या शतकातलं, फ्रेंच विचारवंत दिदरोच्या विश्वकोशाचं. कार्डावर मूळ नावच लिहा.

पेपर परत मिळाला की गुण बघून ठेवून देऊ नका. प्राध्यापकांनी ‘मग काय?’ किंवा ‘अस्पष्ट’ असा शेरा जिथे मारलाय, तेवढीच दोन वाक्यं त्या कार्डावर नव्याने लिहा. सत्राच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेला हीच कार्डं लागतील.